वाटीची वाट

मावशीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "वाट्या बदलल्या म्हणे!" मावशीही तसंच सांगायची. "दोन्ही वाट्या बदलल्या गं. आता बघायचं, किती वर्षं साथ देतात." एका दुपारी मी तिचा ऑपरेशननंतरचा एक्स-रे खिडकीतल्या उजेडाकडे धरला आणि तिला दाखवला. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूची पांढरीशुभ्र टोपी. नडगीच्या हाडात रोवलेलं धातूचं बूड. दोहोंच्या मध्ये रिकामी दिसणारी फट, कारण तिथली प्लास्टिकची चकती एक्स-रेत उमटत नाही. आणि या सगळ्याच्या पुढे, बाजूने काढलेल्या फोटोत, बदामाच्या आकाराची एक करडी सावली.

"ही तुझी वाटी," मी म्हटलं. "तुझी स्वतःची, जुनीच."

मावशी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मग बदललं काय?"

बदललं होतं ते मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात तो पृष्ठभाग. या ऑपरेशनमध्ये वाटीच्या आतल्या बाजूचा पातळ थर तासून तिथे प्लास्टिकची एक बटणासारखी चकती बसवतात, आणि बरेच सर्जन तर तेवढंही करत नाहीत, वाटीला हात न लावता तशीच ठेवतात. म्हणजे आपण मराठीत ज्याला सर्रास 'वाटी बदलणं' म्हणतो, त्यात वाटी तेवढी सहसा जागच्या जागी राहते.

हा शब्दाचा बारकावा मी उगाच धरून बसलेले नाही. त्या शब्दाने आमच्याच घरात एका पंधरा वर्षांच्या मुलीला भलतीच भीती घातली होती. मावशीची नात शाळेच्या खो-खो संघात आहे. निवडीच्या शिबिरात सराव एका वेळेऐवजी सकाळ-संध्याकाळ सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात तिचे गुडघे पुढच्या बाजूने दुखू लागले. जिना उतरताना, तासभर वर्गात बसून उठताना, आणि सगळ्यात जास्त म्हणजे चौकोनात उकिडवं बसून खो मिळाल्यावर झटक्यात उठताना. एका दवाखान्यात पाच मिनिटांत निकाल लागला, "वाटी घासली आहे. खेळ बंद." एमआरआय झाला. त्याच्या अहवालात वाटीची कुर्चा (कार्टिलेज) 'मऊ पडल्याचा' एक भारदस्त शब्द होता, पुढे 'ग्रेड दोन'. घरात सगळ्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. आजीच्या वाट्या अडुसष्टाव्या वर्षी बदलल्या, हिच्या किती लवकर बदलाव्या लागतील?

हा हिशेब मुळातच चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे समजायला आधी वाटी म्हणजे काय ते नीट पाहावं लागतं.

वाटी हे नाव फार जुन्या नजरेतून आलेलं आहे. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार केले आहेत आणि गुडघ्याचं हाड 'कपाल' या प्रकारात टाकलं आहे. कपाल म्हणजे खापरी, भांड्याचा पसरट तुकडा. लॅटिनमध्ये या हाडाला 'पटेला' म्हणतात, त्याचाही अर्थ छोटं पसरट भांडं. तिन्ही भाषांना तीच वस्तू दिसली. याच सुश्रुतसंहितेत जानू, म्हणजे गुडघा, हे मर्मस्थान सांगितलं आहे आणि तिथे इजा झाली तर माणूस लंगडा होतो असं नोंदवलं आहे.

आधुनिक शरीरशास्त्रात मात्र वाटीची गणना तिळांमध्ये होते. स्नायूच्या दोरीत, म्हणजे स्नायुबंधात, जी छोटी हाडं तयार होतात त्यांना 'तिळासारखी हाडं' म्हणतात, आणि शरीरातला असा सगळ्यात मोठा तीळ म्हणजे गुडघ्याची वाटी. जन्माला आलेल्या बाळाच्या एक्स-रेत ती दिसतच नाही. तोवर ती निव्वळ कुर्चेची असते आणि साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षाच्या दरम्यान तिच्यात हाड धरू लागतं.

ती तिथे कशासाठी आहे? घराचं दार बिजागरीजवळ ढकलून पाहा. जोर लावावा लागतो. तेच दार कडीजवळ एका बोटाने सरकतं. मांडीच्या पुढचा मोठा स्नायू वाटीला धरून, वाटीखालच्या पट्ट्यामार्फत नडगी ओढतो आणि पाय सरळ करतो. वाटीमुळे हा दोर गुडघ्याच्या कण्यापासून थोडा लांब, पुढे राहतो, म्हणून त्याच जोरात जास्त काम होतं. हे एके काळी सगळ्यांना मान्य नव्हतं. १९३७ साली राल्फ ब्रुक या इंग्लिश सर्जनने वाटी काढून टाकली तरी गुडघा उत्तम चालतो असं मांडलं आणि त्यानंतर मोडलेली वाटी सरळ काढून टाकण्याची लाट आली. १९४५ मध्ये हॅक्सटनने मोजमापं घेऊन दाखवलं की वाटी गेल्यावर पाय सरळ करण्याची ताकद ठळकपणे कमी होते. आज वाटी पूर्ण काढणं हा अगदी शेवटचा, नाइलाजाचा मार्ग मानला जातो.

पण या सोयीची किंमत वाटीला मोजावी लागते. गुडघा जितका वाकतो तितकी ती मांडीच्या हाडावर दाबली जाते. १९७२ साली रायली आणि मार्टेन्स यांनी केलेल्या मोजणीत सपाट रस्त्यावर चालताना हा दाब शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा, जिना चढता-उतरताना तिपटीहून जास्त आणि पूर्ण उकिडवं बसताना सातपटीहून जास्त निघाला. साठ किलोच्या माणसासाठी म्हणजे चालताना तीस किलो, जिन्यावर दोनशेच्या आसपास आणि उकिडवं बसताना साडेचारशे. हे आकडे वाचून घाबरू नये. निसर्गाने हा दाब धरूनच वाटी घडवली आहे. वाटीच्या पाठीमागची कुर्चा ही शरीरातली सर्वांत जाड कुर्चा आहे, काही ठिकाणी पाच मिलिमीटरहूनही जाड. भाताच्या खाचरात दिवसभर वाकून, उठून-बसून लावणी करणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हा दाब पेलत आल्या आहेत. प्रश्न दाबाचा नाही, सवयीपेक्षा अचानक वाढलेल्या दाबाचा आहे. शिबिरात सराव एका रात्रीत दुप्पट झाला, मुलीच्या स्नायूंना आणि हाडांना त्या वेगाने वाढायला सवड मिळाली नाही.

वाटी चालते कशी, हे हाताने कळतं. जमिनीवर बसा, पाय सरळ पसरा, मांडी अगदी सैल सोडा. दोन बोटांनी वाटी डावी-उजवीकडे ढकला. ती सहज सरकेल, कारण पाय सरळ असताना ती मांडीच्या हाडाच्या पन्हळीच्या वर, मोकळ्यावर असते. आता गुडघ्याखाली उशी घेऊन तो थोडा वाकवा आणि पुन्हा ढकला. आता हलत नाही. गुडघा वाकू लागला की वाटी त्या पन्हळीत उतरते आणि पन्हळीच्या दोन्ही भिंती तिला धरतात. वाटीच्या बहुतेक तक्रारी या प्रवासाशी निगडित असतात. पन्हळ खोल आहे की उथळ, वाटी तिच्यात वेळेवर उतरते की उशिरा, उतरताना बाहेरच्या अंगाला घसटते की मधून जाते. डॉक्टर वाटीचा उपचार म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना वाटीची वाट म्हणायचं असतं.

मग 'वाटी घासली' आणि 'दुखतं' यांचा संबंध काय? यावर वैद्यकाने जवळजवळ शंभर वर्षं एक सरळ समजूत बाळगली. १९०६ साली व्हिएन्नातल्या ब्युडिंगर या सर्जनने वाटीच्या कुर्चेला पडलेल्या भेगांचं वर्णन केलं. पुढे १९६१ मध्ये आउटरब्रिज या कॅनडातल्या सर्जनने मऊपणापासून थेट हाड उघडं पडेपर्यंत चार पायऱ्या ठरवल्या. नातीच्या अहवालातला 'ग्रेड' त्याच धर्तीचा होता. गुडघ्यापुढे दुखतंय म्हणजे कुर्चा खराब, असं गणित बसलं. अडचण एवढीच होती की कुर्चेत मज्जातंतू नसतात. जिथे संवेदनाच नाही ती वस्तू दुखेल कशी?

याचं उत्तर मिळवायला सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्कॉट डाय या अस्थिरोगतज्ज्ञाने जे केलं, ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. त्याने स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली, सांध्याच्या आत भूल न देता. नळ्या घालण्यापुरती कातडी बधिर केली होती, आत काही नाही. एक सहकारी सर्जन आतला एकेक भाग बारीक सळईने ठरावीक जोराने दाबत होता आणि डाय टेबलावर जागा राहून किती दुखतंय आणि नेमकं कुठे दुखतंय हे शून्य ते चार अशा मापात सांगत होता. हा प्रयोग १९९८ साली अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला.

निकाल असा की वाटीच्या कुर्चेवर सळई दाबली तेव्हा डायला काहीच जाणवलं नाही. अर्धा किलो जोर लावला तरी नाही. आणि विशेष म्हणजे त्याच्या वाटीची कुर्चा मधल्या कंगोऱ्याजवळ मऊ पडलेली होती, जिला अहवालात दोन किंवा तीन ग्रेड मिळाला असता. तरी ती त्याला कधी दुखलीच नव्हती. याउलट सांध्याला आतून अस्तरासारखा चिकटलेला पातळ पडदा आणि वाटीखालची चरबीची गादी यांना नुसता स्पर्श झाला आणि कळ थेट मेंदूत गेली, आणि जागाही बोट ठेवून दाखवता येईल इतकी अचूक.

माझ्या मते गुडघ्याच्या वैद्यकात इतकं धाडसी आणि इतकं उपयोगी पाऊल विरळाच. दुखणाऱ्या माणसाला त्यातून जे कळतं ते असं: एमआरआयमध्ये कुर्चा मऊ दिसली म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. पडदा, चरबीची गादी आणि कुर्चेखालचं हाड यांच्यावर पेलण्यापलीकडे भार पडतो तेव्हा ते कळवळतात. भार त्यांच्या आवाक्यात आणला, की शांत होतात. डायने याला प्रत्येक गुडघ्याची कामाची मर्यादा म्हटलं. ती मर्यादा दुखण्याने आत सरकते आणि हळूहळू सरावाने बाहेर नेता येते.

नातीला दुसरीकडे नेलं तेव्हा तपासणी एमआरआयपासून सुरू झालीच नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी आधी अर्धा तास प्रश्न विचारले. दुखणं अचानक आलं की हळूहळू? पाय मुरगळला होता का, वाटी जागेवरून निसटल्यासारखी वाटली का? गुडघा सुजतो का, मध्येच अडकतो का? रात्री झोपेतून उठवतो का? ताप, वजन घटणं? ही उत्तरं 'नाही' यावीत म्हणून विचारलेली असतात. त्यातलं एखादं 'हो' आलं तर रस्ता वेगळा होतो.

मग त्यांनी गुडघा सोडून तिचा खुबा फिरवून पाहिला. घरच्यांना नवल वाटलं, पण हे फार महत्त्वाचं असतं. वाढत्या वयात खुब्याच्या हाडाचं टोक घसरलं किंवा त्याचा रक्तपुरवठा बिघडला तरी मूल गुडघा दुखतो असंच सांगतं. लंगडणाऱ्या मुलाच्या नुसत्या गुडघ्याचे फोटो काढत राहिलं, तर खुबा हातचा जातो.

त्यानंतर बाकड्याच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवलं आणि पाय सावकाश सरळ करायला सांगितलं. वाटी पन्हळीतून बाहेर येताना शेवटी एकदम बाहेरच्या अंगाला उडी मारते का, हे त्या तळहात ठेवून पाहत होत्या. नातीची वाटी सरळ गेली. फक्त करकर आवाज येत होता. "हा आवाज?" मावशीने घाबरून विचारलं. "वंगण संपलं ना?" बाई हसल्या नाहीत, नीट समजावून सांगितलं. पंधराव्या वर्षी वंगण संपत नाही. नुसता आवाज, दुखणं किंवा सूज नसताना, हे झिजेचं लक्षण नाही, हजारो निरोगी गुडघे असे वाजतात.

शेवटची चाचणी सगळ्यात बोलकी होती. एका बुटक्या पायरीवर उभं राहून एका पायावर तोल सांभाळत दुसरी टाच जमिनीला टेकवायची. समोर आरसा होता. गुडघा वाकू लागला तसा तो आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे कोसळला आणि कंबर एका अंगाला झुकली. नातीने स्वतःच ते आरशात पाहिलं. "असं होतंय होय!" ती म्हणाली. मांडी आत वळते तेव्हा खालची पन्हळच वाटीच्या खालून आत सरकते आणि वाटी बाहेरच्या भिंतीवर घासते. हा दोष वाटीचा नव्हे. मांडीला बाहेर धरून ठेवणारे नितंबाचे स्नायू कमी पडतात.

या दुखण्याला एकच खात्रीची चाचणी नाही. वाटी दाबून मांडी आवळायला लावण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्यात निरोगी माणसालाही दुखतं, म्हणून तिच्यावर विसंबत नाहीत. उकिडवं बसताना वाटीच्या मागे किंवा भोवती दुखणं, आणि इतर कारणं नाहीत याची खात्री, एवढ्यावर निदान होतं. एक्स-रे काढायचाच असेल तर समोरून आणि बाजूने काढलेले पुरत नाहीत. गुडघा वाकवून वाटीच्या रोखाने, डोंगरामागून क्षितिज दिसावं तसा तिसरा फोटो लागतो, त्यात वाटी आणि पन्हळ यांच्यातली फट दिसते. १९७४ साली मर्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पद्धत बसवून दिली. तरुण मुलीला बहुतेकदा तोही लागत नाही.

उपचार सांगितले तेव्हा घरचे काहीसे निराश झाले, कारण त्यात गोळी नव्हती, इंजेक्शन नव्हतं, यंत्राचा शेक नव्हता. या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकत्र येऊन ज्या शिफारशी केल्या, त्यांत मांडीच्या आणि खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम सगळ्यात वर आहेत. बुटात घालायचा आधार सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता उपयोगी. वाटीवर लावायच्या चिकटपट्टीबद्दल मात्र त्यांनी ठाम मत दिलेलं नाही. नुसत्या यंत्रांच्या उपचारांची शिफारस त्यांनी केलेली नाही. चिकटपट्टीची पद्धत जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने १९८६ साली मांडली. पट्टी वाटीला जागेवर ओढते अशी मूळ कल्पना होती. पुढे मोजल्यावर वाटी फारशी हलत नाही असं दिसलं, तरी दुखणं कमी होतं, आणि दुखणं कमी झालं की व्यायाम जमतो. तेल चोळून बरं वाटत असेल तर चोळावं, त्याने नुकसान नाही. पण स्नायू तेलाने बळकट होत नाहीत.

खेळ बंद करायला सांगितलं नाही, याचं मला सगळ्यात बरं वाटलं. मुलीचं मैदान इतक्या सहज बंद करणारे लोक पाहिले की मला राग येतो. मुलाला 'विश्रांती घे' सांगतात, मुलीला 'आता पुरे'. इथे ठरलं ते असं: पहिले काही दिवस खोल उकिडवं बसणं आणि खांबाला वळसे घालून धावणं कमी, सरळ धावणं चालू. दुखणं दहापैकी दोन-तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं तर ठीक, पुढचं पाऊल. त्याहून जास्त झालं तर एक पाऊल मागे. एका वहीत रोजचा आकडा.

पायरी म्हणून घरात काय आहे, असं बाईंनी विचारलं. मावशीने लगेच पाट काढून दिला. पहिले दोन आठवडे पाटावरून टाच टेकवायची, आरशासमोर, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवून. मग सिमेंटची एक वीट. मग जिन्याची खरी पायरी. शिवाय कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलून धरणं, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं. आठवड्याला तीनदा, कमीत कमी तीन महिने. कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. पण दुखणं लांबवण्याचा धोका खरा आहे. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समधल्या रुग्णांचा पाच ते आठ वर्षं मागोवा घेतलेल्या २०१६ सालच्या एका अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांची तक्रार तेव्हाही पुरती गेली नव्हती, आणि उपचार सुरू करण्याआधी ज्यांनी जास्त महिने दुखणं अंगावर काढलं होतं त्यांचं अधिक वाईट झालं. त्याच अभ्यासात ज्यांचे एक्स-रे काढले, त्यांच्यापैकी जवळजवळ कोणाच्याही गुडघ्यात झिजेचा संधिवात दिसला नाही. घरच्यांच्या हिशेबाला याहून चांगलं उत्तर नाही. दुखणं चिवट असू शकतं, पण त्या काळात तरी ते आजीच्या गुडघ्यांच्या वाटेने गेलं नाही. आणि ही मुलगी एकटी नाही. २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार वर्षभरात दर दहा किशोरवयीनांपैकी जवळजवळ तिघांना वाटीभोवतीचं हे दुखणं होतं.

वाटी खरोखर निसटणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि खो-खोत तीही घडते. खांबाला वळसा घालताना पाऊल जमिनीत रुततं, शरीर फिरतं आणि वाटी पन्हळीची बाहेरची भिंत ओलांडून बाहेर जाते. जाते ती जवळजवळ नेहमी बाहेरच्याच बाजूला. गुडघ्याचा आकारच बदलतो. पाय सरळ केला की ती बऱ्याचदा आपोआप आत बसते आणि मग मैदानावर सगळे म्हणतात, मुरगळला. काही तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त साठलंय असं समजावं. वाटीला आतून धरणारा पडद्यासारखा बंध अशा वेळी फाटतो आणि कधी कुर्चेचा किंवा हाडाचा तुकडाही सुटतो. इथे एक्स-रे आणि एमआरआय दोन्ही मोलाचे आहेत. तुकडा सुटला नसेल तर पहिल्या खेपेला बहुतेक वेळा आधारपट्टा आणि व्यायाम एवढंच करतात.

पुन्हा पुन्हा निसटत असेल तर का निसटते ते मोजावं लागतं. हे मोजमाप फ्रान्समधल्या ल्यों शहरात आंरी देजूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकवलं. १९९४ च्या त्यांच्या लेखात चार गोष्टी आहेत: पन्हळ उथळ आहे का, वाटी फार उंचावर बसली आहे का, ती बाहेर कलली आहे का, आणि नडगीवरचा तो उंचवटा, जिथे वाटीखालचा पट्टा बांधलेला असतो, पन्हळीच्या मध्यापासून वीस मिलिमीटरहून जास्त बाहेर आहे का. ज्याच्या गुडघ्यात जे बिघडलं असेल तेवढंच दुरुस्त करायचं. फाटलेला बंध मांडीच्या मागच्या एखाद्या बारीक स्नायुबंधाने नव्याने विणतात. कुणाचा नडगीवरचा उंचवटा हाडासकट कापून आत सरकवून स्क्रूने बसवतात. अगदी मोजक्या लोकांची पन्हळ खोल करतात. पूर्वी वाटीच्या बाहेरचा पडदा नुसता कापून सोडण्याचं ऑपरेशन सर्रास व्हायचं. निसटणाऱ्या वाटीला तेवढं करून भागत नाही, उलट कधी ती आणखी सैल होते, म्हणून आता ते एकटं क्वचित करतात.

वाटी मोडते ती गुडघ्यावर आपटल्याने किंवा दुचाकीच्या अपघातात. अशा वेळी एक साधी गोष्ट पाहतात, माणसाला पाय सरळ ठेवून उचलता येतो का. येत असेल आणि तुकडे जागेवर असतील तर पाय सरळ ठेवून काही आठवडे प्लास्टर पुरतं. येत नसेल तर दोर तुटला आहे, शिवायला हवा. दीडेकशे वर्षांपूर्वीपर्यंत बंद सांधा उघडणं म्हणजे पू आणि मरणाला आमंत्रण होतं. १८७७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये जोसेफ लिस्टर यांनी मोडलेल्या वाटीचे तुकडे सांधा उघडून चांदीच्या तारेने जोडले. जंतुनाशक पद्धतीवर त्यांचा विश्वास होता आणि त्यांचे समव्यावसायिक हादरले होते. जखम पू न होता भरली. आज तार पोलादाची असते आणि ती वाटीच्या पुढून अशी ताणून बसवतात की गुडघा वाकताना तुकडे फाकण्याऐवजी मागच्या बाजूला एकमेकांवर दाबले जावेत. ज्या ओढीने तुकडे फाकले असते तीच ओढ त्यांना सांधते, ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

उतारवयात फक्त वाटी आणि पन्हळ यांच्यातली कुर्चा झिजते, असंही होतं. असा माणूस सपाट रस्त्यावर आरामात चालतो आणि जिन्यापाशी थबकतो. वजन थोडं उतरवणं, मांडीला बळ आणणं, खुर्चीची उंची वाढवणं यांनी बराच पल्ला मारता येतो. तेही पुरलं नाही तर फक्त तेवढाच सांधा बदलण्याचं ऑपरेशन आहे. १९५५ साली मॅककीव्हर या अमेरिकन सर्जनने वाटीला आतून धातूचं कवच बसवून त्याची सुरुवात केली. खऱ्या अर्थाने 'वाटीचं' ऑपरेशन म्हणावं तर हे, आणि ते फार थोड्यांना लागतं.

मावशीला ऑपरेशननंतर घरी जो व्यायाम सांगितला होता, तो मी एका संध्याकाळी पाहिला. पलंगावर पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली नॅपकिनची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबायची. दहा मोजेपर्यंत. शेजारी आरशासमोर नात विटेवर उभी होती, एक टाच सावकाश खाली नेत. वहीतला आकडा पाचावरून दोनवर आला होता. मावशी दोघींसाठी मोठ्याने मोजत होती, आणि सातावर पोचल्यावर नातीचा गुडघा आत झुकला, तसं तिने मोजणं थांबवून म्हटलं, "बाहेर धर गं. हां. आता पुन्हा एकपासून."